आत्याबाईंची साडी आणि डेल्टा ई : घरी फोटो छापणाऱ्या नवशिक्यांसाठी कार्यपद्धती

दस्तऐवज क्रमांक : घर/फोटो/०१
लागू ठिकाण : पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी, मोशी, चिखली आणि चाकण पट्टा
विषय : घरच्या प्रिंटरवर फोटो छापताना रंगप्रोफाइलची निवड

१. उद्देश

चाकणच्या पेंट शॉपमध्ये दिवसभर बंपरचा रंग बॉडीशी जुळवणारा माणूस रात्री घरी साखरपुड्याचा फोटो छापायला बसतो आणि दोन्हीकडची मंडळी कावीळ झाल्यासारखी बाहेर पडतात. कंपनीत त्याच्या हाताशी मास्टर पॅनेल असतं, लाइट बूथ असतो, दोन रंगांतला फरक आकड्यात सांगणारं स्पेक्ट्रोफोटोमीटर असतं. त्या आकड्याला डेल्टा ई म्हणतात. तो एकाच्या आसपास असला तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. त्यापुढे फार सरकला की माल लाल बिनमध्ये जातो आणि व्हेंडरला फोन जातो. घरी मात्र हाच माणूस ‘कलर जरा उठून येऊ दे’ एवढ्या एका स्पेसिफिकेशनवर उत्पादन सुरू करतो. पहिला फोटो लाल येतो, म्हणून तो लाल कमी करतो. दुसरा हिरवा मारतो, म्हणून हिरवा कमी करतो. पाचव्या कागदाला तो प्रिंटर कंपनीला नावं ठेवू लागतो आणि सातव्याला कागद संपतो. हे थांबवणं, हा प्रस्तुत कार्यपद्धतीचा उद्देश आहे.

२. व्याप्ती

ही कार्यपद्धती घरच्या इंकजेट आणि इंक टँक प्रिंटरवर छापल्या जाणाऱ्या ४×६ इंची आणि ए-४ आकाराच्या फोटोंना लागू आहे. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स तिच्या कक्षेबाहेर राहतील. तिथे चेहरा गुलाबी, कुर्ता डोळे दिपवणारा आणि पाठीमागचं आकाश विजेच्या ठिणगीसारखं निळं असंच स्पेसिफिकेशन असतं, आणि लॉट शंभर टक्के पास होतो.

रंगीत छपाई या भागाला नवी आहे असा गैरसमज नवशिक्यांनी करून घेऊ नये. पिंपरीहून लोणावळा लोकल धरली तर लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे या मळवलीला आला. फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने नंतर तो विकत घेतला आणि १९७२ च्या आगीत तो जळाला. तिथे लक्ष्मी आणि सरस्वती दगडावरून छापल्या जात, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र समोर ठेवायचं, छापलेला कागद त्याशेजारी धरायचा आणि लक्ष्मीची साडी जुळली की नाही ते डोळ्याने ठरवायचं, अशी ती रीत होती. प्रोफाइल नव्हतं, कारण गरजच नव्हती. मूळ आणि नक्कल एकाच उजेडात, एकाच माणसाच्या नजरेसमोर होती. तुमची अडचण वेगळी आहे. आत्याबाईंची मूळ साडी चिखलीत कपाटात आहे, फोटो फोनमध्ये आहे, मॉनिटर निगडीत आहे आणि या तिघांची एकमेकांशी ओळख नाही. ती ओळख करून देण्याचं काम प्रोफाइल करतं.

३. जबाबदाऱ्या

ऑपरेटर : आपण स्वतः. फर्स्ट शिफ्ट करून आला असाल तर जेवून बसावं. थर्ड शिफ्टहून आला असाल तर रंगाच्या भानगडीत पडू नये, झोपावं.

कस्टमर : आत्याबाई, मुक्काम चिखली. अंतिम मंजुरी त्यांची. त्यांच्याकडे कोणतंही मोजमापाचं साधन नाही, फक्त स्मरणशक्ती आहे आणि तिचं कॅलिब्रेशन त्यांच्या लग्नात झालेलं आहे.

बाह्य सल्लागार : सोसायटीत एक तरी मुलगा असा असतो की त्याच्या मामाचं फ्लेक्सचं दुकान आहे. तो येता-जाता सांगेल, ‘काका, आधी सीएमवायके करा, मग छापा.’ त्याला चहा द्यावा आणि सल्ला नम्रपणे इनवर्डलाच अडवावा. फ्लेक्सवाल्याला किंवा ऑफसेट प्रेसला सीएमवायके लागतं हे खरं. घरच्या प्रिंटरमध्ये निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते हेही खरं. पण त्याचा ड्रायव्हर तुमच्याकडून आरजीबीच मागतो आणि शाईचा हिशोब स्वतः करतो. तुम्ही आधीच सीएमवायके केलंत तर तो ते परत आरजीबी करतो आणि मग पुन्हा शायांमध्ये वाटतो. या फेरफटक्यात चांगले भडक रंग वाटेतच गळतात.

४. व्याख्या

प्रोफाइल : फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन, प्रत्येक ० ते २५५ मधला. लाल २३०, हिरवा १२०, निळा २० एवढ्यावरून तो भगवा आहे की विटकरी, हे ठरत नाही. कोणत्या लालाचे २३० हे सांगावं लागतं. ते सांगणारी छोटी फाइल म्हणजे प्रोफाइल. १९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक आणि मायक्रोसॉफ्टसह आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं आणि या फाइलचा सर्वांना समजेल असा एक नमुना ठरवला. म्हणून तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. तुमच्या यंत्राचा आकडा खऱ्या, मोजता येणाऱ्या रंगाशी बांधणं, एवढंच तिचं काम. मोजण्यासाठी जी मापनपद्धत वापरतात तिचं नाव लॅब, वर्ष १९७६. चाकणला तुम्ही ज्या एल, ए आणि बी आकड्यांवरून डेल्टा ई काढता, तीच ही. म्हणजे निम्मा अभ्यास कंपनीच्या खर्चाने झालेलाच आहे.

एसआरजीबी : एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सुचवलेला आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला रंगपट्टा. त्या काळच्या जाडजूड काचेच्या मॉनिटरवर जेवढे रंग दिसत, साधारण तेवढेच यात बसतात. त्यामुळे जाणकार लोक याला हसतात. पण तुमचा फोन, टीव्ही, व्हॉट्सॲप, झेरॉक्सवाल्याचा संगणक आणि फोटो लॅब या सगळ्यांना जी एक भाषा समजते, ती हीच.

ॲडोबी आरजीबी १९९८ : याची कथा क्वालिटी विभागातल्या प्रत्येकाने पाठ करावी. १९९८ मध्ये फोटोशॉपची पाचवी आवृत्ती येत होती. त्यात एका टीव्ही मानकाचे आकडे भरायचे होते. इंजिनिअरांनी दस्तऐवजातले भलतेच आकडे उचलले आणि त्यातही एक उतरवून घेताना चुकला. ही गोष्ट उघडकीस येईपर्यंत ग्राहकांना तो मोठा रंगपट्टा आवडून गेला होता. मग कंपनीने चूक दुरुस्त करण्याऐवजी तिला नाव दिलं. आपल्याकडे चुकीच्या ड्रॉइंगवर माल बनला तर आठ टप्प्यांचा अहवाल लिहावा लागतो. तिथे डेव्हिएशनचंच स्टँडर्ड झालं आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ जगभर चालू आहे.

प्रोफोटो आरजीबी : कोडॅकने बनवलेला, या यादीतला सर्वांत मोठा. इतका मोठा की त्यातले काही रंग माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. ते छापायचे असतील तर तसा कस्टमरही शोधावा लागेल.

डिस्प्ले पी-३ : २०१६ च्या आयफोन ७ पासून ॲपलचे फोन या रंगपट्ट्यात फोटो काढतात. भाच्याने आयफोनवर काढलेला फोटो तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फिकुटलेला दिसला तर भाच्याला बोलू नये. सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत नाहीये.

प्रोफाइल नेमणं आणि प्रोफाइल बदलणं : नवशिक्यांचे सर्वाधिक कागद या दोन मेनूंमध्ये गल्लत झाल्याने वाया जातात. ड्रॉइंगवर १० इंच लिहिलेलं आहे असं समजा. ‘इंच’ खोडून त्याजागी ‘मिलिमीटर’ लिहिलं आणि १० तसेच ठेवले, तर ते नेमणं झालं. पार्ट केवढा येईल ते तुम्हाला ठाऊक आहे. १० इंच खोडून २५४ मिलिमीटर लिहिले तर ते बदलणं. माप तेच, आकडा नवा. ॲडोबी आरजीबीतला फोटो एसआरजीबीत आणायचा असेल तर नेहमी बदलायचा, नेमायचा नाही. नेमला तर सगळे पाहुणे आजारी दिसू लागतात.

५. कच्चा माल

प्रिंटरचं प्रोफाइल हे एकट्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, त्यातली शाई, कागद आणि ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार, या चौघांचं मिळून ते एक असतं. यातला एक जरी बदलला तरी जुनं प्रोफाइल बाद. हे वाक्य छापून प्रिंटरवर चिकटवावं. साध्या कागदावर छापलं तरी चालेल.

शाई : कंपनीच्या बाटलीऐवजी बाजारातली स्वस्त बाटली भरणाऱ्यांना ही कार्यपद्धती अडवत नाही. फक्त त्यांनी प्रोफाइलबद्दल तक्रार करू नये. व्हेंडर बदलला आणि कस्टमरला कळवलं नाही, तर ऑडिटमध्ये काय होतं हे आपण जाणता. आणखी एक बाब म्हणजे, चार टाक्यांच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई अक्षरांसाठी बनवलेली असते आणि ग्लॉसी कागदावर ती वापरलीच जात नाही. काळा रंग उरलेल्या तीन शाया मिसळून तयार होतो. म्हणून आजोबांची काळी टोपी तपकिरी येते. फिकट निळसर आणि फिकट किरमिजी अशा दोन जादा शायांचा सहा टाक्यांचा प्रिंटर असेल, तर गालावरचे उतार मऊ येतात आणि आकाशात दाणे दिसत नाहीत.

कागद : ग्लॉसीवर रंग खोल दिसतात आणि बोटांचे ठसेही. मॅटवर काळा कमी खोल जातो, पण ट्यूबलाइटची चमक येत नाही. प्रिंटर कंपनीचा स्वतःचा कागद घेतला तर त्याची प्रोफाइलं बहुधा ड्रायव्हरसोबतच येतात. विंडोजमध्ये ती सिस्टम ३२ च्या पोटात ‘स्पूल’, त्यात ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यात ‘कलर’ या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. दुसऱ्या चांगल्या कंपनीचा कागद घेतला तर तिच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचं प्रोफाइल उतरवून घ्यावं आणि ते कोणत्या कागद-प्रकारावर बनवलं आहे, तेही वाचावं. पाकिटावर नुसतं ‘हाय ग्लॉसी, २३० जीएसएम’ एवढंच छापलेलं असेल तर त्या कागदाला आईबाप नाहीत असं समजून ड्रायव्हरवरच विसंबावं.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात आणि शाई वाळायला वेळ लावते. पाकीट उघडं ठेवू नये. मावळाकडून पवनेवरून येणाऱ्या हवेला प्रोफाइल नसतं.

६. यंत्रतपासणी

कंपनीतल्या साध्या व्हर्नियरवरही कॅलिब्रेशनचं स्टिकर आणि पुढची तारीख असते. घरच्या मॉनिटरवर मुलीने चिकटवलेला छोटा भीम असतो. ‘प्रिंट काळपट येतो’ ही या पट्ट्यातली सर्वांत मोठी तक्रार आणि तिचं कारण बहुतेक वेळा प्रिंटर नसतोच. मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून पुऱ्या उजेडावर ठेवलेला असतो आणि घरीही तो तसाच चालतो. छपाईसाठी स्क्रीनचा उजेड ८० ते १२० कँडेला दर चौरस मीटर पुरेसा असतो. मोजायला काही नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडावं, शेजारी पांढरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत स्क्रीन उतरवावी. घरच्यांना टीव्ही बिघडल्यासारखं वाटेल. वाटू द्यावं.

रात्री आपोआप चालू होणारा डोळ्यांना आराम देणारा पिवळट मोड बंद करावा. तो चालू ठेवून पिवळा कमी करणाऱ्यांचे फोटो सकाळी निळे निघतात.

ज्यांना हौस आहे त्यांनी स्क्रीनवर ठेवायचं कॅलिब्रेटर घ्यावं. कंपनीतलं स्पेक्ट्रोफोटोमीटर घरी आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. एक तर आरजीपी, म्हणजे परतीचा गेटपास, भरताना ‘कारण’ या रकान्यात ‘आत्याचा फोटो’ लिहिलेलं गेटवरच्या सिक्युरिटीला पटत नाही. दुसरं, तांत्रिक कारण असं की बंपर आणि प्लास्टिकसाठी बहुतेक ठिकाणी गोलातून सगळीकडून उजेड टाकणारं यंत्र वापरतात. फोटोकागदाचं प्रोफाइल बनवायला ४५ अंशातून उजेड टाकून सरळ समोरून मोजणारं लागतं. मग गेटपास कशाला खर्ची घाला?

७. कृती

७.१ दिवस निवडावा. गुरुवार टाळावा. भोसरी-चाकणची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि महावितरणची देखभालदुरुस्तीही गुरुवारीच. अर्धा फोटो बाहेर आलेला असताना वीज गेली, तर उरलेल्या अर्ध्याचा रंग जुळवणारं प्रोफाइल अजून कोणी बनवलेलं नाही.

७.२ नॉझल चेक छापावा. एकही रेघ तुटकी असेल तर आधी हेड क्लीनिंग. निळसर शाईची दोन-चार छिद्रं बुजली की फोटो लालसर होतो आणि नवशिका अख्खी संध्याकाळ प्रोफाइल बदलत बसतो. आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहिलं तर हेड सुकत नाही.

७.३ फाइल मागवावी. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसून येतो. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगावं, दोनदा सांगावं. ४×६ इंचाला ३०० डीपीआयने १२०० × १८०० ठिपके लागतात. त्याहून फार कमी असतील तर प्रश्न रंगाचा नाही.

७.४ रंगपट्टा ठरवावा. जेपेग, फोन आणि घरगुती वापर असेल तर एसआरजीबी. रॉ फाइल काढत असाल, सहा किंवा जास्त शायांचा प्रिंटर असेल आणि कागदाचं खरं प्रोफाइल हाताशी असेल, तर ॲडोबी आरजीबी. प्रोफोटो घ्यावंसं वाटलं तर पाणी प्यावं आणि ७.४ पुन्हा वाचावं.

७.५ रंगाचा कारभार एकाकडेच द्यावा. ही या दस्तऐवजातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. छपाईच्या खिडकीत विचारतात, रंग कोण सांभाळणार, सॉफ्टवेअर की प्रिंटर? सॉफ्टवेअर म्हणालात तर तिथे कागदाचं प्रोफाइल निवडायचं आणि मग ड्रायव्हरमध्ये जाऊन त्याची रंगदुरुस्ती पूर्ण बंद करायची. प्रिंटर म्हणालात तर प्रोफाइलच्या यादीला हात लावायचा नाही, फक्त कागदाचा प्रकार बरोबर निवडायचा. दोघांनाही कामाला लावलं तर रंग दोनदा दुरुस्त होतो आणि फोटो बहुधा लालसर-जांभळट येतो. दोन मॅनेजर कंपनीत चालतात, इथे चालत नाहीत.

७.६ कागदाचा प्रकार. ग्लॉसी घालून ‘प्लेन पेपर’ निवडल्यास शाईचं प्रमाण चुकतं. उलट केल्यास शाई कागदातून खाली टेबलावर जाते.

७.७ कागदावर न बसणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवावं. यादीत चार पर्याय असतात. ‘पर्सेप्चुअल’ सगळ्याच रंगांना थोडं थोडं आत सरकवतो, त्यामुळे त्यांचं आपसातलं नातं टिकतं. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ बसणाऱ्यांना हात लावत नाही, न बसणाऱ्यांना काठावर आणून ठेवतो. चेहरे असलेल्या फोटोंना बहुधा हा बरा. सोबत ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ची खूण करावी, म्हणजे काळोखातले बारकावे बुजत नाहीत. ‘सॅच्युरेशन’ मंथली रिव्ह्यूमधल्या पाय चार्टसाठी राखीव आहे. ‘ॲब्सोल्यूट’ दुसऱ्या कागदाच्या पांढऱ्याचीसुद्धा नक्कल करून दाखवतो. तो तुम्हाला लागणार नाही.

७.८ फर्स्ट पीस काढावा. पूर्ण ए-४ नव्हे, ४×६ चा एक. त्यावर तारीख, कागद, प्रोफाइल आणि पर्याय मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावा. नोंद नाही तर काम झालंच नाही, हे ऑडिटरचं म्हणणं घरीही लागू आहे.

७.९ थांबावं. ताज्या फोटोचा रंग शाई वाळेपर्यंत बदलत राहतो. निकाल दुसऱ्या दिवशी द्यावा.

८. प्रमाण नमुना आणि तपासणी

परदेशात तपासणीसाठी रंगीत चौकोनांचे तक्ते विकत मिळतात. आपल्या पट्ट्यात त्यांची गरज नाही. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीच्या मुक्कामाला जाताना निगडीत काढलेला वारीचा एक फोटो पुरतो. त्यात सगळं आहे.

पांढरी धोतरं आणि टोप्या आधी पाहाव्यात. त्या निळसर, हिरवट किंवा गुलाबी मारत असतील तर बाकीचं पाहण्यात अर्थ नाही. कपाळावरचा बुक्का आणि त्याखालची भुवई वेगळी दिसते का ते पाहावं. दोन्ही मिळून एकच काळा ठिपका झाला असेल तर सावल्या बुजल्या. गोपीचंदनाचा टिळा फिकट, मातकट असतो, तो शुभ्र झाला असेल तर उजेडाकडचे बारकावे गेले. डोक्यावरच्या वृंदावनातली तुळस शेवाळी-हिरवी दिसली पाहिजे, प्लास्टिकच्या वेलीसारखी नव्हे. मग पताका. भगव्यात लाल आकडा आधीच २५५ ला टेकलेला असतो, म्हणून कापडाच्या चुण्या फोनमध्येच पुसल्या जातात. त्या फाइलमध्येच नसतील तर कोणतंही प्रोफाइल त्या परत आणू शकत नाही. शेवटी पाहावे चेहरे. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यापासून फेट्याच्या सावलीतल्या पोरापर्यंत प्रत्येकाची कातडी वेगळी दिसली पाहिजे. सगळे एकाच गोरेपणावर आले असतील तर फोनचा ‘ब्युटी’ मोड किंवा ड्रायव्हरचा ‘व्हिव्हिड’ पर्याय चालू राहिला आहे.

तपासणी कोणत्या उजेडात करायची, हे कंपनीत लिहून दिलेलं असतं. बूथमध्ये दिवसाचा उजेड, दुकानातली ट्यूब आणि घरचा पिवळा दिवा, असे तिन्ही लावून पाहतात, कारण एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्यात फारकत घेतात. छपाईच्या धंद्यात ५००० केल्विनच्या आसपासचा उजेड प्रमाण मानतात आणि प्रोफाइलंही तोच धरून बनवलेली असतात. घरी सकाळी उन्हाचा थेट झोत नसलेली खिडकी त्यातल्या त्यात बरी.

९. कस्टमर तक्रार

तक्रार : ‘माझी साडी अशी नव्हती.’
स्वरूप : तोंडी, सर्वांसमोर.

अशा वेळी ‘पाच वेळा का’ ही पद्धत वापरावी. कंपनीत शिकलेलीच आहे.

पहिला का. फोटो का नाकारला? साडी मोरपंखी होती, फोटोत निळी आली.
दुसरा का. निळी का आली? फोटोतच निळी आहे, प्रिंट फोटोशी जुळतो.
तिसरा का. फोटोत निळी का? साडी धूपछाव आहे. उभा धागा निळा, आडवा हिरवा. कोन बदलला की रंग बदलतो.
चौथा का. निळा कोनच का आला? फोटोग्राफरने उजेड सरळ समोरून मारला.
पाचवा का. समोरून का मारला? ‘तसंच उभं राहा, हलू नका,’ असं त्याला आत्याबाईंनीच सांगितलं होतं. ‘नाहीतर पदर दिसत नाही.’

मूळ कारण सापडलं, आणि ते रंगप्रोफाइलमध्ये नाही. मेटॅलिक रंगाची गाडी तपासताना एकाच ठिकाणी १५, ४५, ११० अशा वेगवेगळ्या अंशांतून मोजतात, कारण चमकणाऱ्या कणांचा रंग एका आकड्यात मावत नाही. धूपछाव साडीचंही तेच. आत्याबाईंना आठवतो तो चालता-वळताना दिसलेला सगळा रंग. फोटोने त्यातला एक कोन पकडला. दोघंही बरोबर आहेत. त्यामुळे सुधारणात्मक कृतीत ‘प्रोफाइल बदलले’ असं खोटं लिहू नये. ‘पुढच्या वेळी उजेड बाजूने घ्यावा’ असं लिहावं.

इतर तक्रारींचा निपटारा थोडक्यात असा. सगळा फोटो एकाच रंगाकडे झुकला तर ७.२ आणि ७.५. नुसता काळपट असेल तर मॉनिटर. फिकट आणि धुतल्यासारखा असेल तर कागदाचा प्रकार किंवा उलटी बाजू. बहुतेक फोटोकागदांना छापायची एकच बाजू असते. फोनवर छान दिसतो आणि कागदावर नाही, असं कोणी म्हटलं तर त्याला सांगावं की फोन स्वतः प्रकाश टाकतो, कागद दुसऱ्याचा घेतो. हा फरक पूर्ण मिटत नाही, कमी करता येतो.

१०. निकाल

घरी छापणाऱ्या नवशिक्याने एसआरजीबी ठेवावं, प्रिंटर कंपनीचीच शाई आणि एकाच जातीचा कागद वापरावा, रंग एकाच्याच हाती द्यावा आणि स्क्रीन उतरवावी. एवढ्यावर बहुतेक फोटो पास होतात. प्रोफाइल वाईट फोटोला चांगला करत नाही. चांगल्या फोटोला वाटेत बिघडू देत नाही, एवढाच त्याचा अधिकार आहे. पन्नास-शंभर फोटोंचा लग्नाचा अल्बम असेल तर हौस बाजूला ठेवून लॅबमध्ये द्यावा. लॅबवाला एसआरजीबीच मागेल आणि तुमच्या शाईच्या खर्चात त्याचं बिलही निघेल. रंगावरून घरात वाद झालाच तर डेल्टा ई सांगू नये. कस्टमरला फोटोसकट खिडकीपाशी न्यावं आणि त्या म्हणतील ते लिहून घ्यावं. आणि हे सगळं वाचून प्रोफाइलचा मेनू उघडायला निघाला असाल, तर आधी नॉझल चेक करा.